रोज हातभर विहीर

साठीनंतर माणूस काही नवीन शिकायला गेला की शिकणं राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. माझ्याकडे ते इतके साठलेत की सांगायला बसलो तर चहा दोनदा गरम करावा लागतो. सांगावेत की नाही याबद्दल मात्र मला अजून शंका आहे. तशी ती मला बहुतेक गोष्टींबद्दल असते. सगळी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, डॉक्टरेटही त्यातच. अमुक होण्याची शक्यता किती, याचा विचार करता करता अमुक करायचंच राहून गेलं, असं आमची सुमन म्हणते.

तर, मी पोहायला शिकलो त्याचे हे किस्से. शिकलो म्हणजे... असो!

*

सुमनचं माहेर शिरोळ तालुक्यात. मळ्यात मोठी विहीर. मे महिन्यात सगळे जमतात आणि मेव्हण्यापासून नातवंडांपर्यंत धडाधड उड्या पडतात. सुमनसुद्धा साडीचा काचा मारून उतरते. काठावर उरतो मी एकटा. मांडीवर सगळ्यांचे मोबाईल, घड्याळं, चष्मे. इतकी वर्षं हे असंच चाललंय.

गेल्या मे महिन्यात मेव्हण्यानं पाण्यातनं ओरडून धाकट्या नातीला सांगितलं, "अगं, चेन काढ आणि आजोबांकडं दे. दाजी म्हंजे आमचं लॉकर हाय!"

सगळे हसले. मीही हसलो. सुमन मात्र हसली नाही. घरी परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "एकदा तरी तुमच्याबरोबर पाण्यात उतरायचं होतं हो."

त्या रात्री मी ठरवलं. पुढच्या मे महिन्यात लॉकर बंद!

*

आमच्या घराजवळ कसबा बावड्यात उसाच्या मळ्यात आप्पांची विहीर आहे. खालपर्यंत पायऱ्या आहेत. आप्पा रोज सकाळी लोकांना पोहायला शिकवतात आणि सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. त्यांचा आवाज असा, की पलीकडच्या मळ्यातली म्हैसही पाण्याकडे जायला लागते.

पहिल्या दिवशी मी पायरीवर बसून पाय तेवढे पाण्यात सोडले आणि विचारलं, "वस्ताद, खोल किती आहे?"

"सर, पोहायला वरचंच पाणी लागतंय. खालचं कशाला मोजताय?"

"नाही, पण आजपर्यंत इथं कुणी बुडालं वगैरे...?"

"एकबी न्हाय. पर इतकं इचारणारंबी कोण आलं न्हवतं!"

त्या दिवशी तेवढंच झालं. निघताना वस्ताद म्हणाले, "पाय भिजलं न्हवं? झालं की. उद्या गुडघं भिजवू."

*

आमच्याकडे नवशिक्याच्या पाठीवर तेलाचा रिकामा डबा बांधतात. तोंड झाळून बंद केलेला. डबा तरंगतो, त्याच्याबरोबर माणूसही तरंगतो. सगळं शास्त्र एवढंच!

मला मात्र डब्याची खात्री वाटेना. मी तो घरी आणला, बाथरूममध्ये मोठ्या टबात दाबून धरला आणि बुडबुडे येतात का ते पाहत बसलो. एका कोपऱ्यात शंका आली म्हणून एम-सील लावलं. मग बाकीच्या कोपऱ्यांनाही लावलं.

सुमन दारात येऊन उभी राहिली. "डब्याचं झालं असेल तर बाहेर या. मला धुणं टाकायचंय."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी दोरीची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होतो. आमच्याबरोबर शिकणारे बापू वरच्या पायरीवर अंग पुसत होते. बापू हुपरीचे, त्यांच्या घरी पैंजणांचं काम चालतं.

"सर," बापू म्हणाले, "पोहायला चाललाय की चंद्रावर?"

*

वस्तादांची रीत साधी. पायरीपासून हातभर अंतरावर स्वतः उभे पोहत राहायचे आणि म्हणायचे, "या." आपण जायचं. दुसऱ्या दिवशी ते आणखी हातभर मागे सरकायचे. रोज हातभर. त्याहून जास्त मागितलं तरी द्यायचे नाहीत आणि कमी मागितलं तर अजिबात नाही.

मध्ये सर्दी झाली आणि माझा आठवडा बुडाला. त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. जमलेलं सगळं गेलं असणार, पुन्हा पाय भिजवण्यापासून सुरुवात, मे महिना काही साधत नाही!

बरा झाल्यावर गेलो आणि वस्तादांना सगळी भीती सविस्तर सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही आला न्हाईसा म्हणून विहीर काय मागं सरकल्या व्हय?"

*

बापूंना हे हातभर प्रकरण अजिबात पटायचं नाही. एका रविवारी वस्ताद गावाला गेले होते. बापूंनी ठरवलं, आज सगळं शिकूनच वर यायचं. दुपारपर्यंत माणूस पाण्यात. बाहेर आले तेव्हा बोटांच्या मनुका झाल्या होत्या!

नंतर आठवडाभर त्यांचे हात खांद्याच्या वर जाईनात. शर्ट घालायला वहिनी, केस विंचरायला वहिनी. वाटेत कुणी नमस्कार केला तर बापू नुसती मान हलवायचे. गावभर झालं, बापूंना गर्व चढला!

मला संधी मिळाली. मी म्हटलं, "बापू, पैंजणसुद्धा एकेक कडी जोडूनच होतं ना?"

"व्हतंय की," बापू म्हणाले. "पर तुमच्या बेतानं कड्या जोडल्या, तर नवरीसाठी केल्यालं पैंजण तिच्या नातीला घालावं लागंल!"

*

हिवाळा सरला. वस्तादांनी पाठीवरचा डबा काढला आणि पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन दिला. तो काखेत धरायचा आणि एका हातानं पोहायचं. चार दिवसांत कॅनही सोडायचा, असं ठरलं होतं.

मी सोडला नाही. होळी झाली, पाडवा झाला, कॅन काखेतच. त्याच्यासकट मी विहिरीच्या आरपार जायचो, परत यायचो. पण वस्ताद कॅनला हात लावायला आले की मी पायरी धरायचो.

बापू दोन्ही हात मोकळे सोडून बाजूनं जाता जाता म्हणायचे, "सर, पोहायला त्या कॅनला येतंय. तुम्ही नुसतं त्याच्या सोबतीला हाय!"

मी वस्तादांना समजावलं, "तुमचं बरोबर आहे. पण कॅन काढला आणि नेमकं त्याच वेळी पायात गोळा आला, तर बुडण्याची शक्यता..."

"सर, ती शक्यता हाय न्हवं, ती त्या कॅनमधी भरा, टोपण लावा आणि कॅन माझ्याकडं द्या."

दिला नाही. एप्रिल संपत आला होता. सुमननं माहेरी जायची बॅग काढली होती. माझे कपडे घालताना तिनं विचारलं, "टॉवेल एक घेऊ की दोन?"

*

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी विहिरीवर एक नवीन पाहुणा आला. जयसिंगपूरचा कापडवाला, पैलवानासारखा आडवा गडी. बावड्यात बहिणीकडे आला होता. वस्तादांनी त्याच्या पाठीवर डबा बांधला आणि म्हणाले, "आज फकस्त पायरीवर बसायचं."

तेवढ्यात दूध डेअरीचा फोन आला. वस्ताद फोनवर भांडत वर गेले. पाहुण्याला पायरीवर बसणं कमीपणाचं वाटलं असावं. त्यानं सरळ उडी टाकली!

उडीबरोबर दोरी सुटली. डबा एका बाजूला गेला, पाहुणा दुसऱ्या बाजूला. तो वर आला तेव्हा डोळे पांढरे आणि हात वाट्टेल तिकडे. बापू पार वरच्या पायरीवर, डोक्यातनं बनियन अर्धा घातलेला. विहिरीच्या मधोमध मी. पाहुण्यापासून सर्वांत जवळ मीच.

मी कॅन त्याच्याकडे ढकलला आणि ओरडलो, "धरा! घट्ट धरा!"

त्यानं कॅनला मिठी मारली.

"आता पाय मारा. मान वर. घाबरायचं नाही, मी आहे." हे कोण बोलतंय, असं मला वाटत होतं. "माझ्याकडं बघा. या. अजून या."

तो पाय मारत होता, मी त्याच्या समोर राहून हातभर मागं मागं सरकत होतो. असे आम्ही पायरीला लागलो.

बापूंचा बनियन तसाच डोक्यावर. वस्ताद धावत खाली आले होते. फोन कानाला, तोंड उघडं, फोनमधून कुणीतरी सारखं "हॅलो, हॅलो" करतंय. मी पायरीवर बसलो आणि सवयीनं कॅन चाचपला. काखेत काहीच नव्हतं.

पाहुणा बराच वेळ खोकला. मग त्यानं एकदा वस्तादांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कॅन छातीशी धरून खणखणीत आवाजात म्हणाला,

"पावणं, उद्यापासनं मी तुमच्याकडंच शिकणार. ह्या वस्तादाचं काय खरं न्हाय!"