मानसिंग मेस्त्रींचा कान

सणसरच्या फाट्यावर मानसिंग मेस्त्रींचं गॅरेज आहे. गाडी बंद पडली की पंचक्रोशीतली माणसं तिथंच येतात आणि मेस्त्रींची तपासायची तऱ्हा बघायला चहा सांगून थांबतात. मेस्त्री चावी अर्धी फिरवायला सांगतात, मागच्या सीटवर आडवे होऊन कान लावतात, डोळे मिटतात. सीटखालच्या टाकीतला पेट्रोलपंप गुणगुणला की निकाल तयार. पेट्रोल इंजिनापर्यंत किती जोरानं पोचतं, ते मोजायचं मीटरही त्यांच्या कपाटात आहे. पण ते जोडायचं म्हणजे पाइप सोडवत बसा, अंगावर पेट्रोल उडवून घ्या. कान असताना मीटर कशाला, असा त्यांचा तोरा. गावानंच तो चढवून ठेवलेला.

त्या तोऱ्यापायी मेस्त्रींच्या हातून पाप घडलं.

रावजीआबांची सून स्वरूपा भेंडी-गवारीचे क्रेट गाडीत भरून बारामतीच्या मंडईला न्यायची. त्या घरात स्टिअरिंग धरलेली ती पहिलीच बाई. गाडी नेमकी तिच्या हातात बंद पडू लागली, तीही भर उन्हात, भरल्या ओझ्यानं. एकदा चढावर बंद पडली तेव्हा मागून उसाची ट्रॉली आली आणि पोरगी थोडक्यात वाचली. मग आबा गाडी घेऊन गॅरेजला आले. मेस्त्रींनी कान लावला, पंप छान गुणगुणत होता. आबांनी सकाळच्या गारव्यात रिकाम्या गाडीनं गावातून चक्कर मारली. गाडीनं एकही आचका दिला नाही.

"गाडीत खोट न्हाय, आबा," मेस्त्री चारचौघांत म्हणाले. "चालवणाऱ्याच्या पायात हाय."

सगळे खदाखदा हसले. मेस्त्रीही हसले. आबांनी त्याच दिवशी सुनेकडून चावी काढून घेतली. भाजी टेम्पोनं जाऊ लागली आणि स्वरूपाच्या हाती खुरपं आलं.

उन्हाळ्यात ती गाडी सर्व्हिसिंगला आली. मेस्त्रींना बारामतीहून एक जुनं इंजिन आणायचं होतं, ते हीच गाडी घेऊन गेले. येताना मागं इंजिनाचं ओझं, वर रणरणतं ऊन. अर्ध्या वाटेत गाडीनं दोन गचके दिले आणि मान टाकली. मेस्त्री स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. या वेळी पाय त्यांचाच होता. कान तापले ते उन्हानं नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटर जोडलं, लांब नळीनं काचेवर वायपरखाली अडकवलं आणि तेच ओझं घेऊन दुपारी निघाले. गाडी गार होती तोवर काटा जागचा हलला नाही. गाडी तापली, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तसा काटा खाली खाली येत गेला आणि इंजिन बंद. चावी फिरवली तर पंप अजून गुणगुणतच होता. आवाज होता, जोर नव्हता.

पंप पेट्रोलात बुडालेला असला तर गार राहतो. आबांच्या गाडीची टाकी मात्र कायम तळाला. टाकी भरलेली दिसली की भावकी गाडी मागायला येते, हे आबांचं जुनं दुखणं. त्यात पंप भाजून निघाला आणि बोल लागला सुनेला.

गुपचूप पंप बदलला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो विचार मेस्त्रींच्या मनात आला, आणि आल्याची त्यांना स्वतःचीच किळस वाटली. हसणाऱ्या त्या चौघांना गोळा करून ते आबांच्या ओसरीवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. भावकीचंसुद्धा. मग नवा पंप बसवून आणलेल्या गाडीची चावी त्यांनी आबांपुढं धरली. आबांनी ती घुश्शात घेतली आणि सुनेपुढं ठेवली.

"घे गं. मेस्त्रीच म्हणत्यात, त्यांचंच चुकलं."

स्वरूपानं हात पुढं केला नाही.

"ताई, खोट तुमच्या पायात कवाच नव्हती," मेस्त्री म्हणाले. "मी न बघताच बोललो."

"व्हय, दादा," ती हळूच म्हणाली. "पर तुमी बोललात, तवा मला बी खरंच वाटलं. गाडीत बसायचं म्हटलं की आता पाय लटलट कापतो. घरात कुणाला सांगितलं न्हाय."

कुणीच हसलं नाही. मेस्त्रींना उठून जायचं होतं, पण उठवेना.