व्हरांड्यातली पूजा

आज सकाळी भस्माची डबी उघडून भस्म पाण्यात कालवलं आणि ओल्या भस्माच्या वासानं मला बहात्तरच्या दुष्काळातल्या इस्पितळाच्या व्हरांड्यात नेऊन सोडलं.

अप्पांना, माझ्या वडिलांना, ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. माझी आई, आमची अव्वा, नळावर हातपाय धुऊन आली, कपाळाला भस्म लावलं आणि गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन रोजच्यासारखी पूजेला बसली. उजव्या हातानं तिनं डावं मनगट घट्ट धरलं होतं.

"वहिनी, भाऊ तिकडं आत हाय, अन् तुला पूजा सुचतीय?" आत्या चिडली.

अव्वाची नजर तळहातावरून हलली नाही. आतलं दार उघडायचं, नर्स बाहेर यायची आणि आमच्याकडं न बघता निघून जायची.

पूजा आटोपून अव्वानं फडक्यात बांधलेली भाकरी सोडली. शेंगाचटणीशी स्वतः खाल्ली, मलाही दिली. "मीच चक्कर येऊन पडले तर त्यांना कोण बघंल? खा की."

अप्पा वाचले. अव्वाला भीती म्हणून ठाऊक नाही आणि मनगट धरणं हा पूजेचाच भाग आहे, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

आज माझ्या नवऱ्याची बायपास आहे. इस्पितळात जाण्याआधी, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पूजेला बसले. तळहातावरचं लिंग थरथरायला लागलं. पडेल म्हणून मी उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं.