विजेच्या गाडीच्या आठ बॅटऱ्या

'ती घटना आजही आठवते' असं म्हणून सुरुवात करण्याची आमच्या पेशातल्या लोकांची रीत आहे. मी मात्र ही घटना आठवू नये म्हणूनच धडपडलो. निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजांत भाषणं केली, पकडलेल्या दरोडेखोरांच्या हकिकती रंगवून सांगितल्या. ही एक प्रत्येक वेळी गाळली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी शिरूरला फौजदार होतो. शहरातल्या एका डॉक्टरांनी विजेवर चालणारी छोटी मोटार घेतली होती. तालुक्यात तशी दुसरी नव्हती. सीटखाली आठ बॅटऱ्या आणि भिंतीच्या प्लगला लावायची वायर. गावातले लोक तिला 'डॉक्टरांचा मिक्सर' म्हणत.

एके सकाळी हजेरी चालू असताना डॉक्टर ठाण्यात आले. गॅरेजचं कुलूप तोडून कोणीतरी आठही बॅटऱ्या नेल्या, अशी त्यांची फिर्याद होती. तशा बॅटऱ्या पुण्यातही मिळत नाहीत, परराज्यातून कंपनीकडूनच मागवाव्या लागतात, त्याला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढ्या पैशात एखादी जुनी जीप येईल, असं ते म्हणाले. विम्यासाठी त्यांनी फिर्यादीची प्रत मागून घेतली. डॉक्टरांचा शब्द म्हणून घटनास्थळाचा पंचनामा आम्ही दहा मिनिटांत उरकला. घरात कोणालाही काही विचारलं नाही.

त्या महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये वरिष्ठांनी मला उभं करून झापलं होतं. चोऱ्या नोंदल्या जातात, उघडकीस एकही येत नाही, म्हणून. त्यामुळे चार दिवसांनी दौंडच्या एका भंगारवाल्याने खबर दिली, तेव्हा मी जीप काढायला वेळ लावला नाही. तिथल्याच बुद्धविहारालगतच्या एका बॅटरीवाल्याकडे कधी न पाहिलेल्या आठ पेट्या पडल्या आहेत, एवढीच खबर होती.

बॅटरीवाला पन्नाशीचा, अबोल माणूस. रेल्वेत ठेकेदाराकडे डब्यांच्या बॅटऱ्यांचं काम करून शिकलेला. ॲसिडने शर्टाला भोकं पडलेली. आठही पेट्या दुकानात दर्शनी भागातच होत्या. पाच उघडून त्यातल्या प्लेटी त्याने बाहेर काढल्या होत्या. आणि प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगाने 'डॉक्टर, शिरूर' असं लिहून खाली तारीख टाकलेली होती. गिऱ्हाइकांचा माल एकमेकांत मिसळू नये म्हणून बॅटरीवाले असं लिहितातच. ती तारीख चोरीच्या सव्वा महिना आधीची होती.

"चोरीच्या मालावर मालकाचं नाव कोण लिवतं, साहेब?" तो म्हणाला. "डॉक्टरांनीच आणून टाकल्यात. प्लेटी मेल्यात म्हनून मी सांगितलं, तर म्हनले, राहू दे तुझ्याकडंच, बघ काय जमतंय का."

मी पावती विचारली.

"डॉक्टर मानसाकडं पावती कशी मागायची?"

आमचा हवालदार म्हणाला, "रंग ओला हाय का बघा साहेब. आपली जीप बघून लिवलं आसंल ह्यानं." सगळे हसले. मीही हसलो. रंग खडखडीत वाळलेला होता. पंचनामा लिहिताना रायटरने मला विचारलं, पेट्यांवरचा मजकूर घ्यायचा का. मी म्हणालो, "राहू दे."

कोर्टाने तीन दिवसांची कोठडी दिली. त्या तीन दिवसांत काय केलं ते आमच्या पेशात 'चौकशी' या एका शब्दात बसवतात. मी ते स्वतः केलं, हवालदारावर ढकलत नाही. त्याची बायको रोज दौंडहून एसटीने डबा घेऊन यायची आणि आवारात लिंबाखाली बसून राहायची. तिसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली.

त्याच दुपारी पुरवणी जबाब घ्यायला मी डॉक्टरांच्या घरी गेलो. ते दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी सरबत दिलं आणि सहज म्हणाल्या, "तुमची उगीच धावपळ झाली. गाडी तर दिवाळीपासून बंदच आहे. चार्जिंग इथल्या न्हावऱ्यापर्यंतही पुरेना, म्हणून यांनी बॅटऱ्या दौंडला टाकल्या होत्या. तिकडून चोरीला गेल्या का?"

गुन्हा उघडकीस आला तो तेव्हा. मी तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पेशंट बाहेर काढला आणि सगळं ऐकून घेतलं. झिजलेल्या बॅटऱ्यांना विमा मिळत नाही, चोरीला मिळतो, हे त्यांनी नाकारलंही नाही. त्या सापडतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"फौजदारसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "त्याने चोरी कबूल केली, असं तुम्हीच लिहून घेतलंय ना? मग मी खोटा ठरलो तर तुम्ही कोण ठरता?"

मी बॅटरीवाल्यावरच दोषारोपपत्र पाठवलं. पेट्या सुपुर्दनाम्यावर डॉक्टरांना परत मिळाल्या, त्या भंगारात गेल्या, त्यांच्याबरोबर ती पांढरी अक्षरंही गेली. प्लेटी काढलेला माल निकामी ठरला, म्हणून विम्याचे पैसेही आले. मिक्सर पुन्हा रस्त्यावर फिरू लागला.

चार वर्षांनी पुराव्याअभावी बॅटरीवाला सुटला. तोवर दुकान गेलं होतं. चोरीचा डाग लागलेल्या माणसाकडे कोणी बॅटरी ठेवायला तयार नव्हतं, ठेकेदारानेही कामावर घेतलं नाही. पुढे तो पाटसला मजुरीला जातो, असं कळलं.

या केसने मला काही शिकवलं, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. शिकण्यासारखं काही नव्हतंच. चोर माल लपवतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. माझी चूक झाली असती तर मी ती केव्हाच सांगितली असती.

निवृत्तीनंतर एकदा दौंडहून एसटीने येत होतो. गाडीत जागा नव्हती. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा माझ्याकडे पाहून गडबडीने उठला.

"बसा, साहेब."

मी त्याला ओळखलं. त्याने तर मला दारातच ओळखलं होतं. मी बसलो. दांडीला धरलेला त्याचा हात माझ्या तोंडासमोर होता. 'तुम्ही निर्दोष आहात हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मला माफ करा,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य मनात जुळवलेलं होतं, कित्येक वर्षांपासून. पाटस आलं आणि तो उतरला.

त्यानंतर त्याचं घर शोधत जायला मला कोणीही अडवलं नव्हतं.