परमुलखातले लबाड

गोष्ट सुरू करण्याआधी अप्पा बोट वर करून विचारायचे, "वाटंवर कोण हाय?"

मग बालवर्गातली पोरं सांगायची. कुणाचा मामा बिदरला गेलेला, कुणाची अक्का माहेरी यायलेली. अप्पा सगळं मन लावून ऐकायचे. तुम्हीही ऐकलं असेल, दिवसा गोष्ट सांगितली की वाटसरू वाट चुकतो. आमच्या भागात गोष्टी सांगायच्या त्या दिवे लागल्यावर. पण हैदराबाद संस्थान बुडालं, नव्या सरकारने उर्दू शाळा मराठी केली आणि गोष्टीचा तास घातला तो नेमका दुपारच्या जेवणानंतर.

कोहिनूर गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातली ती शाळा. मी वरच्या वर्गाला गणित शिकवायचो. अप्पा बालवर्गाचे म्हातारे गुरुजी, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. माझ्यासारखे तरुण मास्तर त्यांना चेष्टेनं 'लबाडांचे गुरुजी' म्हणत, कारण त्या अडचणीवर त्यांनी भलतीच तोड काढली होती. ते फक्त दूरदेशच्या लबाडांच्या गोष्टी सांगायचे. बर्फाच्या मुलखातला कोल्हा, अरबी वाळवंटातला चोर, हबश्यांच्या रानातलं कासव. तरुणपणी हैदराबादेत चाकरीला असताना तिथल्या अरब आणि हबशी पहारेकऱ्यांकडून त्या त्यांनी ऐकल्या होत्या. काही घरच्याच असाव्यात, असा माझा दाट संशय होता.

"आपला कोल्हा आपल्या वाटा जाणतो, मास्तर," ते म्हणायचे. "परमुलखातल्या लबाडाला कोहिनूरचा फाटा कुठं ठावं?"

मध्येच थांबून ते पोरांना विचारायचे, "लबाडी कुठं झाली? धरा तिला!" पोरं ओरडून धरायची. गोष्ट संपली की सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचे, "मधी समुद्र हाय!" मगच पाट्या बाहेर निघायच्या.

"एवढी भीती कामून, अप्पा?" मी एकदा त्यांच्याच बोलीत चिडवलं. "तुमचं कोण हाय वाटंवर?"

"पोरगं," अप्पा म्हणाले.

संस्थान बुडालं त्या गडबडीच्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा जीव वाचवायला सोलापूरकडे पायी गेला होता. पुढे सगळं निवळलं. गेलेले लोक परत आले, घरं शाकारली, पेरण्या केल्या. त्यांचा मुलगा आला नाही. गावाने त्याची आशा सोडली होती. अप्पा मात्र कुणी विचारलं की तेच सांगायचे, वाटंवर हाय. त्यानंतर मला त्यांची चेष्टा करवली नाही.

त्यांची शेवटची गोष्ट कासवाची. हे कासव फाट्यावर बसतं आणि घरी निघालेल्या माणसाला म्हणतं, "अरे, तुझं घर मागं राहिलं की!" माणूस वळतो. थोडं गेल्यावर त्याला संशय येतो, तो पुन्हा वळतो, तर कासव पुन्हा तेच सांगतं. माणूस जन्मभर चालतच राहतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं तीच गोष्ट खेळत होती. अंगणात त्यांनी रेघा ओढल्या होत्या. ही आपली बारव, हा ओढा, हा कोहिनूरचा फाटा. एक चिमुरडी पाठीवर सूप बांधून फाट्यावर बसली होती. अप्पा पाहतच राहिले.

"हितं कुणी बसाय सांगितलं तुला?"

"कासव आलंय की, अप्पा."

"मधी समुद्र हाय, बाळ."

"वलांडला की त्येनं," ती म्हणाली. "लई दिसापास्नं चालायलंय."

अप्पांनी पायाने सगळ्या रेघा पुसल्या. पोरं घाबरून रडू लागली.

त्याच आठवड्यात एक गाडीवान शाळेत पाणी प्यायला थांबला. सहज बोलावं तसं म्हणाला, "फाट्यावर कोण खुळं हाय की. गावाकडं तोंड करून येतंय, अन् थबकून माघारी वळतंय. म्या हाक दिली, वळून बी बघितलं न्हाई."

अप्पा तसेच उठले. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही निघालो. टळटळीत ऊन होतं आणि तुरीच्या शेतांत पाखरूही बोलत नव्हतं. फाट्यावर कुणी नव्हतं. अप्पा मात्र पुढच्या वळणाकडे बघून हसले. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमी जावा, मास्तर. पोरं एकलीच हायत."

ते झपाझप निघाले. वळणापाशी थांबून कुणाशी तरी बोलले, त्याच्या खांद्यावर ठेवावा तसा हात उचलला आणि गावाकडे यायचं सोडून पुढेच चालू लागले. माझा धीर सुटला.

"अप्पा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "घर मागं राहिलं! घर मागं राहिलं, अप्पा!"

आणि माझेच शब्द ऐकून अंगावर सरसरून काटा आला.

अप्पांनी मान हलवली, ओळखीचा लबाड भेटल्यासारखी, आणि चाल वाढवली. मी धावत वळणापर्यंत गेलो. वाट सरळ होती, लांबपर्यंत दिसत होती, आणि धुळीत दोन माणसांची पावलं सोलापूरकडे गेली होती.