पायरीलगतचं घरटं

अन्याय झाला तो त्या रानहंसिणीवर, जयंतीच्या सकाळी नऊ वाजता, आणि तो आम्हीच केला. जयंतीच्या निळ्या बॅनरची घडी उलगडली की मला अजून तळ्याकाठच्या ओल्या गवताचा वास येतो. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या पार्कमध्ये आम्ही शेड बुक केली होती आणि तिच्या पायरीलगतच्या मोठ्या कुंडीत ती हंसीण पाच अंड्यांवर बसली होती. कुणी जवळ गेलं की मान ताणून फूत्कार टाकायची, पोरं किंचाळायची. "एका पक्ष्यासाठी जयंती कॅन्सल करू का?" समितीतले काका चिडले. "काका, परवानगीशिवाय घरटं हलवणं गुन्हा आहे," मी म्हणाले. "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न. संध्याकाळी परत ठेवू." शेवटी उघडी छत्री पुढे धरून तिला मीच मागे रेटलं. दोघांनी कुंडी पार्किंगपलीकडे नेली. मग मी माईकवर हक्कांबद्दल तावातावाने बोलले, टाळ्या घेतल्या, आणि ती समोर पायरीपाशी येरझारा घालत राहिली. संध्याकाळी कुंडी जागेवर आली तेव्हा अंडी गार पडली होती. तिने चोचीने एक हलवून पाहिलं आणि ती तळ्याकडे चालत गेली. यंदाही बुकिंग तिथलंच आहे. तुम्ही येणार असाल तर आधी पायरी बघा, आणि ती बसलेली दिसली तर काकांना न विचारता खुर्च्या उचलून दुसऱ्या शेडमध्ये न्या.