दिवा वाढव

नवरा गेल्यावर मुलगा पुण्याहून आला आणि माझं जिंतूरचं घर स्मार्ट करून गेला. बल्ब, पंखे, गिझर, टाकीची मोटर, सगळं एका ॲपला जोडलं. हॉलमध्ये एक डबी ठेवली, तिला तोंडानं सांगितलं की ती काम करते. दारावर ओटा दिसेल असा कॅमेरा लावला. ॲप मात्र त्याच्या फोनवर. "तुझ्या डोक्याला कशाला ताप," म्हणाला. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, पण तेव्हा भांडायचं बळ नव्हतं.

देवापुढं दिवा लावला की मला थोडा वेळ दारापुढच्या ओट्यावर अंधारात बसायला आवडतं. नवरा होता तेव्हा आम्ही दोघं तसेच बसायचो. आता बसले की डोक्यावरचा बल्ब फटकन लागायचा आणि पाठोपाठ फोन. "आई, अंधारात काय बसलीस?" पुण्यात बसून तो माझी संध्याकाळ चालवत होता. मला त्याचा राग यायचा आणि राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा.

डबीशी तर माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. मी म्हणायचे, "हॉलचा दिवा वाढव," आणि ती बल्ब आणखी लख्ख करायची. पुन्हा सांगितलं, तर म्हणे दिवा आधीच शंभर टक्के आहे. शेजारीण भाजी द्यायला आली होती, ती दारातच थांबली. "बाई, तुमी कोनाशी भांडायलाव?"

आमच्या घरात दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकानदार दुकान वाढवतो. नवरा गेला तेव्हा बायकांनी माझ्या बांगड्याही वाढवल्या, फोडल्या असं कुणी म्हणालं नाही. जे संपतं त्याला आम्ही उलटा शब्द देतो.

मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, "आई, 'बंद कर' म्हण ना. तिला तेवढंच कळतं. तू शब्द बदल."

माझं डोकंच फिरलं. घर माझं, जीभ माझी, आणि शब्द डबीचा? "शब्द नाही बदलत," मी म्हटलं. "ॲप बदलते." तो हसला. हसू दे म्हटलं.

दुपारी व्हिडिओ बघत बसले. घरातल्याच कॉम्प्युटरवर चालणारं, आपले शब्द आपणच लिहून द्यायचे असं एक सॉफ्टवेअर सापडलं. नवऱ्याचा जुना लॅपटॉप काढला, ते त्यात घातलं आणि माझं बोलणं त्याला ऐकू जावं म्हणून तो ओट्याकडच्या खिडकीत ठेवला. आता एकेका बल्बला जुनं ॲप विसरायला लावायचं होतं. बटण चालू-बंद करत राहायचं, बल्ब मिचमिचला की तो विसरला. नावं देताना मी गिझर आणि मोटरची अदलाबदल केली. अंघोळीला पाणी तापवायला गेले आणि गच्चीवरून टाकी वाहायला लागली.

"लय पानी वाया चाललंय," शेजारीण ओरडली. "पोराला फोन लावा की."

"नाही लावत."

चूक माझी, दुरुस्तीही मीच केली. शेवटी कॅमेरा काढला आणि डबी तिच्या खोक्यात घातली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, सगळं ऑफलाइन दिसतंय. वायफाय गेलं का?"

"वायफाय आहे. ॲप बदललं."

"नव्याचा पासवर्ड तरी दे. काळजी वाटते."

"काळजी वाटली की फोन कर. मी उचलते."

पुढं सुट्टीत तो आला. मी ओट्यावर बसले होते, पायरी दिसावी म्हणून त्याच्यासाठी बल्ब लावून ठेवला होता. बॅग आत टाकून तो बाहेर आला, माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीतल्या लॅपटॉपकडं तोंड करून म्हणाला, "लाइट बंद कर."

काही झालं नाही. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं.

"त्याला ते कळत नाही," मी म्हटलं. "तू शब्द बदल."

तो पुन्हा खिडकीकडं वळला. मग त्याच्या वडिलांसारख्याच हळू आवाजात म्हणाला, "दिवा वाढव." अंधार झाला आणि तो माझ्याशेजारी येऊन बसला.