थोआकडे राहून गेलेलं पॅड

थोआचं परतीचं विमान रविवारी होतं आणि गुरुवारी तिने फ्रीज हलवला. हलवला नसता तर सुखाने गेली असती. पण घर सोडताना मिळालं त्याहून लख्ख करून द्यायचं, हा त्या परक्या गावातला रिवाज. तिच्याबरोबर व्हिएतनामहून मासळीच्या शेडमध्ये कामाला आलेल्या दोघी आधीच परतल्या होत्या, त्यामुळे सगळी घासपूस तिच्या एकटीच्या गळ्यात पडली. फ्रीजमागे बोटभर धूळ, एक वाळकी लसणाची कुडी आणि भिंतीला टेकून उभं राहिलेलं गल्लीचं पॅड.

मुलं परीक्षेला नेतात तसलंच, चिमट्याचं. त्याला गल्लीची सूचना लावलेली असायची. नळाचं पाणी कधी बंद, गटाराची सफाई कधी, कोण वारलं. आपण वाचायचं, आपल्या नावापुढे खूण करायची आणि शेजारच्या दाराला नेऊन अडकवायचं. ओकुनो काकू गल्लीच्या प्रमुख. त्यांना विचारल्याशिवाय तिथून मुंगीसुद्धा जात नसे. पॅड त्यांच्याकडून निघे, दहा घरं फिरून थोआकडे येई, तिच्याकडून शेवटच्या घरी सेगावा आजोबांकडे, आणि तिथून पुन्हा काकूंकडे. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम.

तिने धूळ झटकली आणि कागद वाचला. ती आली तेव्हा ही अक्षरं म्हणजे तिला नुसत्या काड्या वाटायच्या. आता वाचता येत होती, तिथेच घात झाला. कागदाला काळी चौकट होती. मोरिनागा यांचं निधन झालं असून अंत्यविधी शनिवारी सकाळी दहा वाजता. तारीख गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली.

थोआने तारीख पुन्हा वाचली. पॅड आलं त्या दिवशी तिच्या देशात नवं वर्ष होतं. फोनवर आई, मावश्या, अर्धा गाव जमला होता. पॅड तिने फ्रीजवर टाकलं, उद्या देऊ म्हणाली, आणि विसरली.

त्या शनिवारी काय झालं, ते तिला तोंडपाठ होतं. सगळ्या गल्लीलाच होतं. मोरिनागा आणि सेगावा आजोबांनी तीस वर्षं एका बोटीवर जाळी ओढली. म्हातारपणी बोट विकण्यावरून दोघांचं वाजलं, वर्षभर अबोला. मग मोरिनागा दूरच्या शहरात, लेकाकडे वारले. शेडमध्ये कामावर असलेल्या पोरी सोडल्या, तर अंत्यविधीला सगळी गल्ली तिकडे गेली. आजोबा तेवढे गेले नाहीत. ओकुनो काकूंनी दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात त्यांना धरलं.

"पॅड मिळालं नाही का तुम्हाला?"

"मिळालं की. वाचलं, आणि कुठे ठेवलं ते आठवत नाही. मी गेलो नाही, झालं."

झालं कसलं! त्या दिवसापासून म्हातारा गल्लीच्या तोंडी लागला. मेल्यावरही वैर सोडलं नाही म्हणे. मोरिनागांची बायको ते दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

आणि थोआ? मासळी सुकवायच्या शेडमध्ये बांगडे चिरता चिरता एकदा आजोबांचा विषय निघाला, तेव्हा तिनेही तोंड घातलं. "दगडालासुद्धा पाझर फुटतो, पण आमच्या शेजाऱ्याला नाही." बायकांच्या सुऱ्या थांबल्या, इतक्या हसल्या त्या. त्यांच्या भाषेत तिने कुणाला हसवायची ती पहिलीच वेळ. आठवडाभर ती त्याच तोऱ्यात होती. आजोबा अधूनमधून दाराशी कांदे ठेवून जायचे, ते ती शेडमध्ये वाटून टाकायची. अशा माणसाच्या हातचं कोण खाणार?

शुक्रवारी जाळायचा कचरा न्यायचे. तिने पॅड पिशवीत घातलं, वर जुनी चादर कोंबली, गाठ मारली. कुणाला पत्ताही लागला नसता. गाठ मारून ती तिथेच स्वयंपाकघरात बसून राहिली. मग दातांनी गाठ सोडवून तिने पॅड बाहेर काढलं.

सकाळी आजोबा परसात कांदे उपटत होते. थोआने दोन्ही हातांनी पॅड पुढे केलं.

"आजोबा, हे माझ्याकडे होतं. फ्रीजमागे. चूक माझी आहे."

त्यांनी हात धोतरासारख्या ढगळ विजारीला पुसले, चष्मा लावला आणि कागद सावकाश वाचला. शेवटपर्यंत वाचून पुन्हा वरून सुरुवात केली.

"दहाला होतं होय?" ते म्हणाले. "मला वाटायचं, दुपारी असेल."

थोआला रडू फुटलं. "मग मिळालं म्हणून का सांगितलंत?"

"नाही कसं सांगू? माझ्या आधीचं घर कुणाचं? तुम्ही पोरी आलात तेव्हा सभेत निम्मी गल्ली म्हणत होती, परक्यांना कशाला पॅड, हरवून बसतील. मी टेबलावर हात आपटला. नाही हरवणार, मी जामीन, म्हटलं."

"पण लोक तुम्हाला वाट्टेल ते बोलतात!"

"बोलू देत. मोरिनागाला कळलं असेल. गाढव होता, पण इतकाही नव्हता."

"मी सांगते सगळ्यांना. आजच सांगते."

"खबरदार!" आजोबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू रविवारी उडून जाशील. सोमवारी नव्या चार पोरी येतायत. त्यांच्या दाराला पॅड लागलं नाही, तर वादळ कधी आणि पाणी कधी बंद, हे त्यांना कोण सांगणार? मोकळी होणार तू, आणि भोगायचं त्यांनी?"

 आजोबांनी कागद चिमट्यातून काढला, घडी करून आतल्या खिशात ठेवला, पॅड बगलेत मारलं आणि कांद्यांची जुडी तिच्या हातात दिली.

"ने. मागचे गोड निघाले का?"

"हो," थोआ म्हणाली. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. त्या रात्री तिने ते कांदे नुसत्या भाताबरोबर खाल्ले. गोड होते.

रविवारी सकाळी बसथांब्यावर गल्ली जमली. आजोबा तिची बॅग धरून उभे. मोरिनागा बाई त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला. ओकुनो काकूंना माणसं जमली की भाषण सुटतंच.

"तीन वर्षांत या पोरीकडे पॅड एक दिवस अडकलं नाही! परक्या देशातली पोर. नाहीतर काही जण! जन्म इथे गेला, पण मित्राला शेवटचा नमस्कार करायला पाय उचलला नाही."

कुणीतरी हसलं. आजोबा बॅगेचा पट्टा नीट करत राहिले. थोआने गप्प राहायचं ठरवलं होतं, दोन रात्री मनाला बजावलं होतं. पण ते हसू तिला सोसलं नाही. शेडमध्ये ती स्वतः तसंच हसली होती.

"पॅड माझ्याकडेच होतं," ती मोठ्याने म्हणाली. "मोरिनागा आजोबांचं. सेगावा आजोबांना ते मिळालंच नाही. मी विसरले."

 ओकुनो काकूंचं तोंड उघडंच राहिलं. मोरिनागा बाईंनी मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

आणि आजोबा खो खो हसले.

"बघा! म्हाताऱ्याची कीव आली पोरीला. जाता जाता माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन निघाली."

"नाही! खरंच सांगते, फ्रीजमागे..."

"बरं, मग दाखव. कुठाय?"

थोआने त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते, पण डोळे विनवत होते. तिने त्यांच्या हातातून बॅग घेतली.

"किती गं गुणाची!" ओकुनो काकूंनी डोळे टिपले. "अशाच पोरी येऊ देत आमच्या गल्लीत. सोमवारचं पॅड मी स्वतः नेऊन देईन त्यांना."

मोरिनागा बाई पुढे आल्या. आजोबांना वळसा घालून आल्या आणि त्यांनी थोआचा हात आपल्या हातांत घेतला.

"तुझ्या आईला माझा निरोप दे," त्या म्हणाल्या. "म्हणावं, लेकीला चांगलं वळण लावलंय."

थोआला तोंड लपवायला जागा नव्हती. बस आली तेव्हा ती कुणाकडेही न बघता चढली, आणि बस वळणाआड जाईपर्यंत सगळी गल्ली तिला कमरेत वाकून नमस्कार करत उभी होती.